सॅन पेद्रोच्या वाळूत

आईला मी सॅन पेद्रो नदीवर नेलं ते २००० सालच्या एप्रिलमध्ये. टुसॉनहून निघाल्यापासून दीड तास दोन्ही बाजूंना करडं, काटेरी माळरान. आई मागच्या सीटवर धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन गप्प बसलेली. ती माणदेशातली, म्हसवडची. उजाड माळ तिला काय नवे! सिएरा व्हिस्टा गाव मागे पडलं, रस्ता उताराला लागला आणि खाली दक्षिणोत्तर ओढलेली एक हिरवीगार रेघ दिसली. आई पुढे सरसावून म्हणाली, "नदी हाय रं ती."

सॅन पेद्रो हाउस या जुन्या रँचघरापाशी गाडी लावली. घराशेजारी प्रचंड घेराचं कॉटनवुडचं झाड आहे. वारा नसतानाही त्याची पानं थरथरत होती. आईने खाली पडलेलं एक पान उचलून तळहातावर ठेवलं आणि मला विचारलं, "पिंपळ हितं कुणी लावला?" आकार तसाच, सळसळही तशीच. झाडांचा कापूस हवेत उडत होता. गवतातल्या पायवाटेने नदीवर पोचलो. पाणी जेमतेम पोटरीभर, पण नितळ आणि वाहतं. लालभडक माशीमार पक्ष्याची एक जोडी होती. एका अनोळखी आजोबांनी स्वतःची दुर्बीण आईच्या हातात दिली आणि तिला तो पक्षी दाखवला.

आईने पक्षी पाहिला, पण तिचं मन वाळूत होतं. काठावरच्या कोरड्या वाळूत बसून तिने हाताने उकरायला सुरुवात केली. माणगंगेत लहानपणी तिने असेच झिरे खणले होते, वाटी वाटी पाणी घागरीत भरलं होतं. इथे वीतभर उकरलं आणि खळगा पाण्याने भरला. "नदी वर दिसती त्याच्यापरीस खाली जास्त हाय," ती म्हणाली. पुढे या नदीविषयी मी पुष्कळ वाचलं. त्या सगळ्याचं सार आईच्या त्या वाक्यात होतं.

आम्ही पाहिलेलं जंगल तेव्हा तरणं होतं, हे मला नंतर कळलं. ही नदी मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतात, कनानेआच्या खाणींच्या परिसरात उगम पावते आणि उत्तरेला अमेरिकेत येऊन गिला नदीला मिळते. तिच्यावर मोठं धरण नाही. १९८८ साली अमेरिकी काँग्रेसने तिचा सुमारे ६४ किलोमीटरचा पट्टा राखीव केला. गुरांची चराई थांबली, वाळू-खडी काढणं थांबलं. काही वर्षांतच कॉटनवुड आणि विलोची रोपं काठाने दाटली. फरच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात संपवलेले बीव्हर १९९९पासून इथे पुन्हा सोडले गेले. एकेकाळी ते इतके होते की त्या व्यापाऱ्यांनी या नदीला बीव्हरचंच नाव दिलं होतं. वाळू काढणं थांबवलं की नदी कशी उठून बसते, हे माणगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे ट्रक भरभरून वाळू गेली, आणि तिच्याबरोबर झिरेही गेले.

गेल्या एप्रिलमध्ये मुलीला घेऊन पुन्हा गेलो. आई आता ऐंशीच्या पुढे, प्रवास झेपत नाही. ते मोठं झाड तिथेच आहे, कापूसही उडत होता. माझ्या आठवणीतली काठावरची लवलवती रोपं आता उंच वृक्ष झालीत. पण पाणी घोट्याच्याही खाली होतं. बीव्हर कमी झालेत. सिएरा व्हिस्टा आणि तिथला लष्करी तळ वाढला, विहिरी खोल गेल्या. जुलै २००५मध्ये चार्ल्स्टनपाशी नदीचं वाहणं पहिल्यांदा पूर्ण थांबल्याची नोंद झाली. कॉटनवुडला भूजल अडीच-तीन मीटरच्या आत लागतं. ते त्याखाली गेलं की झाड शेंड्याकडून वाळत येतं. गावाचं सांडपाणी शुद्ध करून ते जमिनीत मुरवण्याचं काम २००२पासून चालू आहे, तळानेही आपला उपसा खूप घटवला आहे. मला त्या लोकांविषयी आदर वाटतो.

सीमेवरची भिंत पाहून मात्र जीव तुटला. पूर्वी तिथे काटेरी तारांचं कुंपण असायचं. २०२०मध्ये नदीच्या पात्रातच तीस फूट उंच पोलादी खांब उभे राहिले. पावसाळ्यात, ज्याला तिथेही मान्सूनच म्हणतात, पूर जावा म्हणून त्यातली दारं उघडतात. एरवी दोन खांबांमधून हरीण जाऊ शकत नाही. जिला कुणी धरणाने अडवलं नव्हतं, त्या नदीत भिंत घालायला नको होती.

नदीवरून आईला फोन लावला. तिने भिंतीचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाळू वली हाय का?" मुलगी त्याच काठावर बसून उकरू लागली. वीतभर गेलं, कोरडं. हात कोपरापर्यंत गेला तेव्हा बोटांना गार ओल लागली.

ॲरिझोनातल्या मराठी मंडळींनो, ग्रँड कॅन्यनला पाहुण्यांना आपण नेतोच. देशातून आईवडील आले की एकदा इथेही न्या. एप्रिलमध्ये या, डबा सोबत घ्या, आणि त्यांना काठावर निवांत बसू द्या.