शरदातील सह्याद्रीची वाट

वर्षाकाल सरला, की रतनवाडीच्या अमृतेश्वराचे दर्शन घेऊन, कात्राबाईची खिंड ओलांडीत, कुमशेत व पाचनई या गावांवरून हरिश्चंद्रगडास (उंची १,४२४ मीटर) पायी जावे. पाठीवर शिधा व अंथरूण, वाटेत दोन मुक्काम. या दिवसांत गवत व कारवी यांनी पायवाट झाकून टाकलेली असते. तेथे नकाशा थिटा पडतो. म्हणून गावचा वाटाड्या हवाच. कोणता कातळ अद्याप निसरडा, कोणत्या ओढ्यास उतार आहे, हे तो पाहताक्षणीच सांगतो. जन्मभर मुलांस शिकविलेले आम्ही त्याच्यामागे विद्यार्थ्यासारखे चाललो. परंतु त्याचा मुलगा शहरात चाकरीस आहे. वाचकहो, ही विद्या कोणत्याही ग्रंथात नाही. ती चालणाऱ्याच्या पायांतच जिवंत राहते. तरुणांनी जावे, वाटाड्यास योग्य मोल द्यावे व वाट नीट ध्यानात ठेवावी.