अकरा इंजिनं, एक शेड

बाथ म्हटलं की लोकांना रोमन स्नानगृहं आठवतात, फार तर जेन ऑस्टेन. मला कोळशाचा धूर आठवतो. तो मी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे.

सॉमरसेट अँड डॉर्सेट हा रेल्वेमार्ग बाथहून निघून मेंडिप डोंगर ओलांडत समुद्रकाठच्या बोर्नमथला जायचा. बाथ सुटताच ५० फुटांना १ फूट असा चढ, मग बोगदे, रॅडस्टॉकच्या कोळसा खाणी, पुन्हा तसाच चढ, आणि ८११ फुटांवर मास्बरीचा माथा. आपल्या बोरघाटापुढे चढ सौम्यच. पण घाट एका दमात संपतो, हा डोंगर संपता संपत नाही. या एका मार्गासाठी १९१४ साली डर्बीच्या कारखान्यात सहा मोठी मालगाडीची इंजिनं बांधली गेली, १९२५ मध्ये डार्लिंग्टनहून आणखी पाच आली. एकूण अकरा, ‘सेव्हन एफ’. डर्बीवाल्यांना एरवी लहान इंजिनांचा सोस. पुढे नंबर बदलले, मालक बदलले, पण मुक्काम बहुतेक काळ एकच राहिला : बाथची शेड. बाकीच्या देशात इंजिनांच्या बदल्या व्हायच्या. या अकरांची जन्मभर एकाच डोंगरावर ड्यूटी.

हे सगळं मला माझ्या घरमालकांनी सांगितलं. बाथला शिकायला गेले तेव्हा त्यांच्याकडे वरची खोली भाड्याने घेतली होती. तरुणपणी ते त्या शेडमध्ये आधी इंजिनं पुसणारे आणि मग फायरमन होते. मी पुस्तकातून आकडे काढून विचारायची, ते मान हलवायचे आणि आकडा बाजूला ठेवून आगीबद्दल बोलायचे. चढ लागल्यावर कोळसा टाकणारा फायरमन उशिरा जागा झालेला असतो, आग आधीच तयार हवी. बाथहून निघताना मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावायचा, तो कूम डाउन बोगद्याच्या तोंडापर्यंत रेटून परत फिरायचा. कर्जतला मागे जोडलेली इंजिनं आमच्याकडे अजूनही लोणावळ्यापर्यंत गाडी रेटतात, हे सांगितल्यावर त्या संध्याकाळी मला दुसरा चहा मिळाला.

तो बोगदा १८२९ यार्डांचा, एकेरी, आणि वर हवेला एकही झरोका नाही. इंजिन वेग धरेना, की धूर छताला आपटून माणसांवरच उतरायचा. ओला फडका तोंडाला धरून खाली बसायचं, एवढाच उपाय. २० नोव्हेंबर १९२९ रोजी त्या अकरांतलंच एक इंजिन, नंबर ८९, मालगाडी घेऊन बाथकडे येत होतं. बोगद्यात ड्रायव्हर आणि फायरमन दोघंही बेशुद्ध पडले. गाडी रखडत बाहेर आली आणि पुढच्या उतारावर सुटली ती बाथच्या मालधक्क्यात जाऊन उलटली. ड्रायव्हर हेन्री जेनिंग्ज आणि यार्डातले दोघं गेले. एप्रिल २०१३ मध्ये तोच बोगदा सायकलवाल्यांसाठी उघडला. आत दिवे आहेत, मध्यावर संगीत वाजतं. मी घरमालकांना चला म्हणाले. “मला तिथून जायचे पैसे मिळायचे,” ते म्हणाले. “फुकट कोण जाईल?”

ते गेले तेव्हा मी पुण्यात होते. त्यांच्या मुलीची ईमेल आली, चार ओळींची आणि नीटनेटकी.

नंतर एकदा बाथला गेले. ग्रीन पार्क स्टेशनच्या कमानदार छताखाली बाजार भरतो. ब्रेड चांगला मिळतो, तक्रार कशाची करायची? मागे सुपरमार्केट आहे. शेड नाही. वेड्यासारखं वाटलं, कारण इंजिनं तर आहेत! अकरातली दोन वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून हौशी लोकांनी सोडवली, वर्षानुवर्षं खपून पुन्हा वाफेवर आणली. या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण लोखंड वाचवता येतं. मास्बरीच्या चढावर ओल्या सकाळी चाक कधी घसरेल, हे ठाऊक असलेली माणसं कुठून सोडवून आणायची? घरमालकांना मी त्यातल्या एकाचा व्हिडिओ दाखवला होता. त्यांनी चष्मा लावून पाहिला. “मागे काय जोडलंय?” पर्यटकांचे डबे, मी म्हणाले. “म्हणजे रिकामंच,” ते म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले.

मार्ग ७ मार्च १९६६ ला बंद झाला. ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न रीजनने ताबा घेऊन मुद्दाम गाड्या काढून घेतल्या आणि मार्ग तोट्यात दाखवला, असं ते शेवटपर्यंत तावातावाने सांगत. त्यात तथ्य आहे. १९६२ मध्ये मँचेस्टरहून येणारी ‘पाइन्स एक्स्प्रेस’ दुसरीकडे वळवली आणि मार्गाचा कणाच गेला. मात्र सॉमरसेटच्या शेवटच्या कोळसा खाणीही १९७३ मध्ये मिटल्या. मार्ग राहिला असता तरी त्या अकरा इंजिनांनी ओढायचं काय? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. भाडेकरूने किती बोलावं याला मर्यादा असते. आता मनात विचारते, आणि उत्तरही त्यांच्याच आवाजात येतं : “कोळसा संपला, मान्य. बोर्नमथला जाणारी माणसंही संपली होती का?”