चौकट बघून कडी

बंद कंटेनरच्या मागच्या दारांना कोणतं हार्डवेअर लावायचं हा प्रश्न आला की खरेदी विभाग कॅटलॉग उघडतो. मी आधी चॅसिसचं ड्रॉइंग मागतो. ट्रकची चॅसिस म्हणजे दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. ही रचना मुद्दामच पीळ खाऊ देणारी असते, म्हणून एक चाक खड्ड्यात गेलं तरी बाकीची रस्ता सोडत नाहीत. तो पीळ वरच्या डब्यातही शिरतो. डब्याच्या समोरच्या, बाजूच्या भिंतींना आणि छताला सलग पत्रा असतो, त्यामुळे ते चौकोन सहजासहजी तिरके होत नाहीत. मागची बाजू उघडी. तिथे एक चौकट आणि दोन दारं, एवढंच. घाटातल्या वळणावर सगळा हिसका त्या चौकटीवर येतो.

म्हणून तिथे साधी कडी चालत नाही, लॉक रॉड लागतात. दाराच्या पूर्ण उंचीचा उभा पाइप, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला कॅम, आणि चौकटीवर त्या कॅमला धरणारे कीपर. हँडल फिरवलं की कॅम कीपरच्या मागे अडकतो, दार आत ओढतो आणि रबराचं गॅस्केट दाबतो. उघडताना तोच कॅम उलटा रेटा देऊन चिकटलेलं रबर सोडवतो. सगळ्यांना एवढं ठाऊक असतं. पण कॅम कीपरमध्ये घट्ट बसला की दोन्ही दारं चौकटीशी बांधली जातात आणि डब्याची पाचवी भिंत तयार होते, हे फार कमी जण ध्यानात घेतात. जहाजावरच्या कंटेनरला सहसा चार रॉड असतात ते यासाठीच. ‘माल हलका आहे, दोनच रॉड लावा’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा मी मालाबद्दल बोलतच नाही, गाडी कोणत्या रस्त्याने जाणार ते विचारतो. सपाट महामार्गावरच्या कुरिअरच्या गाडीला दोन रॉड पुरतात. ऊस तोडणीच्या दिवसांत फुटलेल्या रस्त्यांनी खताची पोती नेणाऱ्या गाडीला पुरत नाहीत.

बिजागरीचा हिशोब कागदावर दोन ओळींत होतो, तरी तो कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. ८० किलोचं, १.२ मीटर रुंद दार धरा. त्याचं वजन बिजागरीपासून ०.६ मीटरवर लोंबतं. वरच्या आणि खालच्या बिजागरीत २ मीटर अंतर असेल, तर वरची बिजागरी साधारण २४ किलोच्या ओढीने बाहेर खेचली जाते. अंतर १ मीटर केलं की तीच ओढ ४८ किलो. हे उभ्या गाडीचं झालं, खड्ड्यातला दणका वेगळा. जाड बिजागरी घेण्याआधी ती कुठे बसवायची हे बघावं, त्याला पैसे पडत नाहीत. पिन मात्र स्टेनलेसची आणि बुश नायलॉनचा किंवा पितळेचा असावा. चिखलपाण्याने लोखंडी पिन जाम होते, मग हमाल दाराला खांदा लावतो आणि बिजागरीचं वेल्डिंग सुटतं.

रत्नागिरी, मालवणकडच्या मासळीच्या गाड्यांचं गणित आणखी वेगळं. बर्फाचं खारट पाणी दिवसरात्र उंबऱ्यावर ठिबकत असतं. तिथे जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि स्टेनलेसमध्येही ३०४ पेक्षा ३१६ बरं, कारण त्यातलं मॉलिब्डेनम मिठाला तोंड देतं. पुरवठादार सॉल्ट स्प्रेच्या तासांचे आकडे पुढे करतात. त्या चाचणीत ५ टक्के मिठाचं पाणी ३५ अंशांवर सतत फवारतात. त्यात ऊन नाही, सुकणं नाही, चिखल नाही. दोन मुलामे ताडून बघायला ती चांगली, पण तासांना कशाने तरी गुणून वर्षं काढू नयेत. आणि स्टेनलेसची बिजागरी ॲल्युमिनियमच्या रिव्हेटने कधीच बसवू नये. खाऱ्या पाण्यात बिजागरी चकचकीत राहते आणि रिव्हेट विरघळून जातात.

केबिनच्या दाराचं लॅच कायद्यानेच बरंचसं ठरवून दिलेलं आहे. २००४ च्या जागतिक नियमाप्रमाणे पूर्ण लागलेल्या लॅचने एका दिशेला ११,००० न्यूटन, म्हणजे १,१०० किलोहून जास्त ओढ, आणि दुसऱ्या दिशेला ९,००० न्यूटन सोसायला हवी. तिथे माझ्या पसंतीला फारसा वाव नाही, आणि ते योग्यच आहे.

बसच्या आपत्कालीन दाराशी आलं की सगळं उलटं होतं. कंटेनरला चौकट बांधून ठेवणारं हार्डवेअर हवं, तर इथे चौकट वाकल्यावरही सुटणारं. बस कलंडली की चौकट तिरकी होते, वरखाली शिरणारे बोल्ट भोकांत आवळले जातात आणि आतला माणूस कितीही जोर लावो, दार हलत नाही. म्हणून या दाराला मी अनेक ठिकाणी अडकणारी यंत्रणा लावू देत नाही. एकाच जागी पकडणारं रोटरी लॅच, मोकळी फट ठेवलेला स्ट्रायकर, आणि धूर भरला तरी हाताला सापडेल, मुठीत मावेल असं हँडल. वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही अशी ही एकच वस्तू आहे जी पहिल्याच ओढीला चालली पाहिजे. म्हणून गाडी देखभालीला येईल तेव्हा ते दार उघडून बघितलंच पाहिजे, हे मी सुपूर्द करतानाच्या कागदावर लिहून देतो. तिथे कुलूप लावलेलं दिसलं तर कापून काढायला सांगतो, मालक कितीही चोरीची भीती घालो.

कारखान्यात एका गोष्टीवरून माझा सतत वाद होतो. डबा जिगवर तयार होतो तेव्हाच कीपर पक्के वेल्ड केले की काम लवकर उरकतं. पण जिग सपाट असतं, चॅसिस नसते. डबा चॅसिसवर बसवून बोल्ट आवळले की चौकट थोडी सरकते आणि कॅम कीपरच्या कडेवर घासू लागतो. म्हणून कीपर आधी नुसते टाचून ठेवायचे, डबा चढवायचा, एका मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा आणि दारं एका हाताने उघडून लावून बघायची. ती सहज लागली, की मगच वेल्डरला हाक मारायची.