पाच वाजतात आणि भूक लागत नाही

ऑपरेशनच्या आधी मला धास्ती होती ती भुकेची. पोट लहान केल्यावर ती आणखी चवताळेल, रात्री-अपरात्री उठवेल आणि मला आवरणार नाही, असं वाटायचं. झालं वेगळंच. भूक गेली. चौथा महिना संपत आलाय, पण सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत पोटातून एकदाही हाक येत नाही. "नशीबवान आहेस," असं मैत्रिणी म्हणतात. मी मात्र अजून गांगरलेलीच आहे.

मी तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ४३. ऑपरेशनच्या वेळी वजन १०८ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. मधुमेह होता, गोळ्या वाढत चालल्या होत्या आणि साखर तरीही ऐकत नव्हती. रात्री झोपेत श्वास अडकायचा, आमचे हे दचकून उठायचे आणि मला हलवायचे. कॉलेजपासून केलेले उपास, पावडरी, लिंबू-मध हे सगळं इथे सांगत नाही. ज्यांनी केलंय त्यांना ते माहीत आहे. प्रत्येक वेळी दहा-बारा किलो उतरले आणि व्याजासकट परत आले.

पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली. उपाशी राहून वजन उतरवलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं, भूक वाढवणारी संप्रेरकं जास्त सोडतं आणि कमी अन्नात भागवायला शिकतं. म्हणून उतरलेलं वजन टिकत नाही. हे ऐकताना मला रडू आलं. आयुष्यभर मी ऐकत आले होते की माझ्यात निर्धार नाही, जिभेवर ताबा नाही. कुणीतरी पहिल्यांदाच ते सगळं माझ्या स्वभावावरून उचलून शरीराच्या कामकाजात ठेवलं.

माझी शस्त्रक्रिया 'स्लीव्ह'ची. दुर्बिणीतून चार-पाच लहान छिद्रं पाडून जठराचा जवळपास तीन-चतुर्थांश, किंवा त्याहून थोडा जास्तच भाग कापून बाहेर काढतात. उरते ती लांबट, अरुंद नळी. शे-दीडशे मिली मावेल एवढी. कापलेला भाग परत बसवता येत नाही. संमतीपत्रावर सही करताना पेन याच वाक्यापाशी थांबलं होतं. विमा कंपन्यांच्या नियमात बीएमआय ४० किंवा त्यापुढे हवा, किंवा आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५. त्यात मी सहज बसत होते. सुट्टी मिळावी म्हणून दिवाळीनंतरची तारीख घेतली.

आणि म्हणून दिवाळी पातळ पदार्थांवर गेली. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळच घ्यायचं असतं, कारण आमच्यासारख्यांच्या यकृतावर चरबी साठून ते मोठं झालेलं असतं, आणि ते जठराच्या वरच पसरलेलं असल्याने डॉक्टरांच्या वाटेत येतं. दोन आठवड्यांत ते बरंच आकसतं. मी चकल्या तळत होते आणि मीठ बघायला मुलीला हाक मारत होते. ते दिवस भुकेचे होते, कडकडीत भुकेचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देवाला दिवा लावताना पुटपुटल्या, "सणाच्या दिवशी घरची सून उपाशी." मी ऐकलं आणि स्वयंपाकघरात गेले.

ऑपरेशनची भीती ऑपरेशनपेक्षा मोठी होती. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता आणि मला वाटलं काहीतरी बिघडलंय. सिस्टरांनी समजावलं: पोट फुगवायला आत वायू भरतात, थोडा मागे राहतो, तो पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याला चाळवतो आणि कळ खांद्यात उठते. त्याच संध्याकाळी व्हरांड्यात चालवलं, पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र हातात दिलं. आणि मग ३० मिलीचा छोटा कप. पंधरा मिनिटांत तेवढं पाणी, घोट घोट करून. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिणारी मी त्या कपाकडे बघत बसले होते.

साखरेचं जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. वजन म्हणावं असं उतरायच्या आधीच, घरी येईतो, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या होत्या.

घरी आल्यावर पातळ, मग घट्ट पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, अशा पायऱ्या होत्या. मुगाचं कढण, ताक, गाळलेलं सूप, पाण्यात कालवलेली प्रोटीनची पावडर. दिवसाला साठ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. घास पीठ होईपर्यंत चावायचा. पहिल्यांदा उकडलेलं अंडं खाल्लं तेव्हा एक घास घाईत गिळला गेला. छातीच्या मध्यभागी तो बसला आणि हलेना. तोंडाला फेसाळ पाणी सुटलं, नाक वाहू लागलं. अर्धा तास मी मोरीपाशी भिंत धरून उभी होते. आता शरीराची खूण ओळखता येते: छातीच्या हाडाखाली हलकासा दाब आला की पुढचा घास नको. तो घास चमच्यात असला, चवीला कितीही चांगला असला, तरी नको.

भूक का गेली, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग काढतात. म्हणजे माझी भूक, निदान तिचा मोठा वाटा, कापून बाहेर गेला होता. हे समजल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र घरातलं एखादं माणूस गेल्यासारखं वाटलं.

कारण संध्याकाळचे पाच. शाळा सुटली, गाडी लावली, हातपाय धुतले की मी चहा टाकायची आणि भडंगाचा डबा घेऊन मागच्या दारात बसायची. वर चिरलेला कच्चा कांदा. त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नसे. दिवसभर दोन वर्गांची मुलं, वरून मागवलेली माहिती, ऑनलाइन भरायचे तक्ते, नंतर रात्रीचा स्वयंपाक. मधली ती जागा माझी होती. ऑपरेशननंतर पाच वाजतात, हात आपोआप फडताळाकडे जातो, आणि पोट गप्प असतं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगून ठेवलं होतं की पोटाची भूक जाईल, मनाची राहील, आणि ती कशाची आहे ते शांत बसून बघा. बघायला बसले तर काय दिसलं? थकवा दिसला. वडील गेले त्या वर्षापासूनचं दुःख दिसलं, ज्यावर मी रोज मूठ-मूठ भडंग टाकत आले होते. पहिल्या महिन्यात तर मी त्या वेळेला नुसती रडायचे, आणि कुणी विचारलं तर कारण सांगता यायचं नाही. भडंगासाठी रडतेय म्हणावं तर ते खरंही होतं आणि पुरेसं नव्हतं.

आता त्या वेळी चालायला जाते. द्राक्षबागांच्या कडेनं कालव्यापर्यंत. सध्या तोडणी चालू आहे, बेदाण्याच्या शेडवर बायकांची लगबग असते. चालण्यानं बरं वाटतं. पण त्यानं ती अर्ध्या तासाची जागा भरली, असं मी म्हणणार नाही.

आत्यांचं मन सांभाळणं त्याहून अवघड गेलं. त्यांच्यासाठी प्रेम म्हणजे वाढणं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला होता आणि मी घरची झाले होते. आता वाटीभर डाळीत अर्धी चतकोर भाकरी कुस्करून मी वीस-पंचवीस मिनिटं खात बसते आणि त्या बघत असतात. "एवढ्यानं काय हुतंय गं? चिमणी बरी. माझ्या हातचं गोड लागंना व्हय तुला?" भोगीला त्यांनी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली. मी भाजीतला नुसता हरभरा आणि पावटा वेचून खाल्ला. त्या ताटावरून उठून गेल्या. मग एक दिवस मी त्यांना आहाराचा कागद वाचून दाखवला, सगळा, सावकाश. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "म्हंजे डाळीचं, दुधाचं आधी. असंच ना?" त्या दिवसापासून सकाळी त्या पनीर घरीच काढतात, आणि मी शाळेतून आले की विचारतात, "किती ग्रॅम झालं आज?" तरीही वाटीत एक चमचा जास्त पडतोच. तो मी ठेवते, आणि त्यांना तो दिसतो.

शाळेत खिचडी शिजली की मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव बघून नोंदवहीत सही करायची असते. तो एक चमचा मी खाते. बाकीचे शिक्षक बघतात. गावाकडे माणूस झपाट्यानं बारीक झालं की आधी आजाराचीच शंका येते, त्यामुळे मी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. एकजण म्हणाले, "पैसे टाकून सोपं केलंत." सोपं? केस मुठीनं गळतायत. वजन भराभर उतरताना तिसऱ्या महिन्यापासून असं होतं आणि पुढे थांबतं, असं सांगितलंय. पण न्हाणीघरातली जाळी रोज मलाच साफ करायची असते. थंडी इतकी वाजली की जानेवारीत वर्गात स्वेटर काढला नाही. लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यायचं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. साधी अंगदुखीची गोळीही विचारल्याशिवाय नाही. मी त्या शिक्षकांना हे सगळं शांतपणे सांगितलं. मला राग आला नव्हता. त्यांना माहीत असावं असं वाटलं.

छान गोष्टी घडल्यात, आणि त्यांनीही मी बावरते. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसले आणि कुणाचा हात न धरता उठले. ह्यांना आता रात्री उठावं लागत नाही. २४ किलो कमी झालेत, पण बाकांच्या मधून जाताना मी अजून अंग तिरकं करते. दुकानात जुन्याच मापाचा ब्लाऊज मागते. आरशात दिसणारी बाई ओळखीची आहे, पण तिच्याशी बोलायला अजून जमत नाही. हाताखालची, पोटावरची कातडी लोंबायला लागलीय. तिच्याकडे बघताना वाईटही वाटतं आणि तिनं इतकी वर्षं काय पेललं तेही आठवतं.

मुलगी दहावीला आहे. बांधा माझाच. परवा अभ्यास करता करता तिनं विचारलं, "आई, मलापण करायला लागणार का?" मी तिला म्हटलं, आपण डॉक्टरांना भेटू, तुझं रक्त तपासू, आणि तुला कुणी काही बोललं तर मला सांगायचं. पाच वाजता ती आता माझ्याबरोबर चालायला येते. पण मी तिच्या ताटाकडे बघते का, हे तीही बघत असते. म्हणून मी न बघायचा प्रयत्न करते, आणि जेवताना तिला शाळेतलं काहीबाही विचारत राहते.

सहा महिन्यांची तपासणी मे महिन्यात आहे. वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. केस, कॅल्शियम, कातडी आणि मधुमेहाची उरलेली गोळी. पहिला प्रश्न मात्र भुकेचा आहे. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले होते की बऱ्याच जणांना वर्ष-दीड वर्षानं ती पुन्हा लागू लागते, आणि तोवर ज्या सवयी लागतात त्याच पुढे उपयोगी पडतात. हे ऐकल्यापासून मला ती यायला हवी आहे आणि तिची भीतीही वाटते. ती येईल तेव्हा पूर्वीसारखीच येते का, तिला ओळखायचं कसं आणि पोटाची कुठली, मनाची कुठली, हे मला त्यांना विचारायचंय.