डाव्या बरगड्यांचा श्वास

शिवणकाम करणाऱ्या बाईला माणसाची पाठ टेपवर कळते. खांदा, मुंढा, छाती, कंबर, उंची. वारणानगरात घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. मे-जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मची एवढी घाई असते की घरच्या पोरीचा ड्रेस सगळ्यात शेवटी शिवून होतो. लेक सातवीत गेली त्या वर्षी तिचा नवा कुर्ता घालून बघितला, तर घेर उजवीकडे वर चढलेला आणि डावीकडे उतरलेला. उसवून पुन्हा शिवला. तरी तेच. शिवण सरळ होती, कापही बरोबर होता. मग कुर्ता काढून तिला पाठमोरी उभी केली. खांद्यामागचा उजवा फरा बाहेर आला होता आणि कमरेची डावी घडी उजवीपेक्षा खोल होती. दुखत काहीच नव्हतं. तिला स्वतःला तर पत्ताच नव्हता.

कोडोलीच्या डॉक्टरांनी तिला दोन्ही तळहात जोडून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगितलं आणि मला तिच्या मागे उभं केलं. वाकल्यावर उजवीकडच्या बरगड्या डाव्यांपेक्षा स्पष्ट उंच दिसल्या. या तपासणीला अ‍ॅडम्सची चाचणी म्हणतात. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज सर्जननं ती 1865 साली मांडली. तिला ना मशीन लागतं ना पैसे, अर्ध्या मिनिटात होते. शाळांतून सहावी-सातवीच्या मुलींची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी, असं मला फार वाटतं. वजन-उंची घेतातच की, त्यातच हेही उरकेल.

पुढे कोल्हापूरला हाडांच्या डॉक्टरांकडे उभ्यानं अख्ख्या कण्याचा एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर मणके एका बाजूला झुकत गेलेले आणि पुन्हा मध्याकडे आलेले. डॉक्टरांनी पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या. वरचा सगळ्यात कललेला मणका आणि खालचा सगळ्यात कललेला मणका, त्यांच्यामधला कोन 28 अंश. याला कॉबचा कोन म्हणतात. ही मोजणी अमेरिकेतल्या कॉब नावाच्या डॉक्टरांनी 1948 मध्ये रूढ केली. 10 अंशांच्या वर गेलं की कण्याच्या या बाकाला स्कोलिओसिस म्हणायचं. माझ्यासारख्या इतर आयांना एवढंच सांगते, हा आकडा डॉक्टरांकडून मागून घ्या आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवा. ‘थोडा बाक आहे’ या शब्दांनी काहीच कळत नाही.

घरी आल्यावर सुरू झालं. कोण म्हणालं दप्तराचं ओझं, कोण म्हणालं वाकडं बसून मोबाइल बघते, सासूबाई म्हणाल्या, “लहानपणी कडेवर एकाच बाजूला घेतलीस.” डॉक्टरांनी यातलं प्रत्येक कारण खोडून काढलं होतं. या वयात, धडधाकट पोरात होणाऱ्या या बाकाचं नेमकं कारण सापडलेलं नाही. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, एवढं माहीत आहे. शंभरात दोन-तीन पोरांना तो कमी-जास्त असतो. पण जास्त अंशांचे बाक मुलींमध्ये कितीतरी पटींनी अधिक. वाढतो कधी, तर उंची भराभर वाढते तेव्हा, म्हणजे मुलीची पाळी सुरू होण्याच्या आधीचे महिने आणि नंतरचा काही काळ. लेकीची पाळी सुरू झाली नव्हती. एक्स-रेत कमरेच्या हाडाच्या कडेवर वाढ किती उरलीय ते दिसतं, त्याला रिसर म्हणतात, शून्य ते पाच. तिचा शून्य होता. म्हणजे वाढ सगळी पुढेच.

सासूबाईंची खरी काळजी वेगळी होती. “पोरीची जात, लग्नाचं कसं व्हायचं?” पुढच्या वेळी मी त्यांनाच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं की, आजी, नात चालेल, धावेल, नोकरी करेल, तिला लेकरंही होतील. त्यानंतर हाडं बसवणाऱ्याकडे न्यायचं घरातलं बोलणं सासूबाईंनीच थांबवलं.

ब्रेस लागणार हे ठरलं. 25 ते 40 अंशांच्या दरम्यानचा बाक आणि वाढ शिल्लक, अशा पोरांना तो देतात. 45-50 च्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार येतो. ब्रेस कामाचा असतो का, हे मी सरळ विचारलं. डॉक्टरांनी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिका-कॅनडातला अभ्यास सांगितला. ब्रेस घातलेल्यांपैकी 72 टक्के पोरांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या खाली राहिला, न घातलेल्यांत 48 टक्क्यांचा. आणि दिवसाचे जवळपास 13 तास किंवा त्याहून जास्त घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या वर गेलं. लेकीला 18 तास सांगितले होते.

ब्रेस जाड प्लॅस्टिकचा, काखेपासून कमरेखालपर्यंतचा, पुढून वेल्क्रोच्या पट्ट्यांनी आवळायचा. पहिल्या आठवड्यात ती जेवली नाही धड. पोटच दाबलेलं. एप्रिलमध्ये वारणेकाठच्या उकाड्यात आतून घामोळ्यांनी पाठ लाल झाली. तिथं माझं काम सुरू झालं. शिवण असलेली बनियन ब्रेसखाली काचते, म्हणून होजिअरीचं ट्यूबसारखं कापड आणून बिनशिवणीच्या लांब बनियन केल्या, रोज दोन बदलायच्या. युनिफॉर्मचे कुर्ते दोन इंच सैल आणि पाठीत प्लीट. शाळेत कुणाच्या लक्षात येत नसे. पण पोरगी गप्प झाली होती. शरीर आपलं राहिलंच नाही, असं काहीतरी तिच्या वागण्यात दिसायचं. अंघोळीनंतर ब्रेस घालायला मी हात लावला की ती डोळे मिटून उभी राहायची.

डॉक्टरांनी कोल्हापूरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं ते याच काळात. कोडोली, वाठार, मग हायवेनं कोल्हापूर. एसटीनं जायचं, यायचं. मॅडमनी पिलाटेस हा व्यायामप्रकारही शिकलेला होता आणि स्कोलिओसिससाठीचा जर्मन श्रॉथ पद्धतीचा व्यायामही. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “ताई, व्यायामानं कणा सरळ होईल असं मी म्हणणार नाही. पिलाटेसवरचे अभ्यास अजून थोडे आणि छोटे आहेत. ब्रेस धरून ठेवेल. ब्रेस काढल्यावर तिला धरायला तिचे स्नायू पाहिजेत.” या बोलण्यावर माझा विश्वास बसला. कारण त्याआधी एका मोठ्या शहरातल्या क्लासनं एक्स-रे न बघताच, फोनवर, कोन निम्मा करून देतो म्हणून सांगितलं होतं. एक्स-रे न बघता कणा सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे पोर नेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

लेकीला आवडल्या त्या या व्यायामांमागच्या गोष्टी. योसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मला, लहानपणी त्याला दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आयल ऑफ मॅनवर नजरकैदेत ठेवलं. तिथं आजारी कैद्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून तो त्यांच्याकडून पडल्या-पडल्या व्यायाम करवून घ्यायचा असं सांगतात. आणि काथारिना श्रॉथला तर स्वतःलाच हा बाक होता, तिनंही कोवळ्या वयात लोखंडी पट्ट्यांचा ब्रेस घातला होता. चेपलेला चेंडू हवा भरली की आतून बाहेर येतो, हे बघून तिनं आपल्या बसलेल्या बरगड्यांत श्वास भरायला सुरुवात केली. 1921 मध्ये माइसेन गावात तिनं दवाखाना काढला. “आई, तिला कुणी शिकवलं नव्हतं,” लेक परतीच्या एसटीत म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलली होती.

पिलाटेसमध्ये श्वास पोट फुगवून घेत नाहीत, बरगड्या दोन्ही बाजूंना आणि मागे उघडून घेतात. लेकीच्या बाबतीत उजव्या बरगड्या मागे फुगलेल्याच होत्या, म्हणून तिनं डाव्या, दबलेल्या बाजूत घ्यायचा. ऐकायला सोपं. सतरंजीवर उताणी, गुडघे उभे, कमरेच्या नैसर्गिक बाकाखाली बोटं सरकतील एवढी जागा. पाठीच्या फुगीर भागाखाली तांदळाची पिशवी. त्या पिशव्या मी शिवल्या, मांजरपाटाच्या, तळहाताएवढ्या, जुन्या तांदळानं पाऊण भरलेल्या. मॅडम डाव्या फासळ्यांवर दोन बोटं ठेवून म्हणायच्या, “माझी बोटं ढकल.” बरेच दिवस बोटं हललीच नाहीत. पोरगी मान ताठ करायची, खांदे उचलायची, श्वास उजवीकडेच जायचा. मग मॅडमनी डाव्या बरगड्यांभोवती रबरी पट्टी गुंडाळली आणि तिचं टोक तिच्याच हातात दिलं. एकदा घरी सकाळी ती ओरडली, “आई, हात ठेव!” मी ठेवला. कातडीखाली फासळ्या पंख्यासारख्या उघडल्या आणि मिटल्या.

बाकीचे प्रकार दिसायला साधे होते. हाता-गुडघ्यांवर राहून उलट बाजूचे हात-पाय लांबवायचे आणि कंबर ढळू द्यायची नाही. डोक्याचा माथा वर, बसायची हाडं खाली, असं स्वतःला ताणत बसायचं. मात्र पिलाटेसचे नेहमीचे कितीतरी प्रकार मॅडमनी वगळले. मणका-मणका सोडत पुढे गुंडाळणं नाही, जोर लावून पिळणं नाही, मागे वाकणंही नाही. तिची वरची पाठ आधीच सपाट होती. म्हणूनच व्हिडिओ बघून हे करू नये. दोन मुलींचे बाक सारखे नसतात, एकीचा व्यायाम दुसरीला चुकीचा ठरू शकतो.

माझ्या खोलीतला ट्रायलचा मोठा आरसाही या कामी आला. लेकीच्या बाबांनी गवंड्याचा ओळंबा आणून आरशासमोर टांगला. त्या दोरीवर नाक, बेंबी आणि दोन्ही पावलांचा मध्य जुळवून ती उभी राहायची. सुरुवातीला जुळलेलं अंग तिला तिरकं वाटायचं. “मी डावीकडे पडतेय,” म्हणायची. आरशात मात्र सरळ. मेंदूनं वाकडं हेच सरळ धरलेलं असतं, ते डोळ्यांनी बघून-बघून बदलायचं. गिऱ्हाईक असलं तरी ती तिथंच उभी राहायला लागली, आणि बायकांनी विचारलं तर स्वतःच सांगायला लागली, काय आहे ते. उसेन बोल्टलाही हा बाक आहे, हे त्यानंच सांगितलंय, हेही ती जोडायची.

ब्रेस आम्ही तिच्या अंगावर चढवला होता. व्यायाम तिचा होता. हा फरक मला फार मोठा वाटतो. श्वास सापडल्यावर ब्रेसही ती स्वतः आवळायला लागली, तास स्वतः लिहायला लागली. कण्याच्या अंशांत पिलाटेसचा वाटा किती, हे कुणी काढू शकणार नाही. पण 18 तास तिनं नेमानं पाळले, ते त्याच्यामुळे, हे मी रोज बघितलंय.

आता ती दहावीत आहे. रिसर चार, कोन 26 अंश. दोन अंश कमी झाले असं आम्ही म्हणत नाही, मोजणीतच पाच अंशांपर्यंत इकडे-तिकडे होतं. वाढला नाही, हेच आम्हाला हवं होतं. उजवा फरा अजून थोडा वर आहे, आणि तिचे कुर्ते मी अजून उजव्या खांद्याला पाव इंच जास्त ठेवूनच कापते. ब्रेस आता फक्त रात्री. पुढच्या एक्स-रेनंतर तोही सुटेल असं डॉक्टर म्हणतात. व्यायाम मात्र चालू ठेवायचे आहेत. दहावीच्या अभ्यासात वेळ कुठून काढायचा, यावर घरात सध्या वाद आहे, पण व्यायाम सकाळी लवकर उठून करायचे, हे तिनंच ठरवून टाकलंय.