आचारी, आचार्य आणि ६४० केबी

पिक्चर बघताना पडद्याच्या तळाशी ज्या दोन ओळी येतात-जातात, त्या तिथे येतात कुठून, याचा विचार तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? मागच्या सेमिस्टरपर्यंत मीसुद्धा केला नव्हता. कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे सबटायटल ही गोष्ट मला इंग्रजीतच असते असं वाटायचं. मराठी पिक्चरलासुद्धा!

आणि तशीच असते. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांना गेली काही वर्षं ऐकू कमी येतं. मशीन लावलं तरी थिएटरच्या घुमणाऱ्या आवाजात शब्द सुटतात. चष्मा लावून पेपर मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मराठी पिक्चरला गेलो की पडद्यावर मराठी माणसं मराठी बोलतात, खाली इंग्रजी येतं, ते मी वाचते आणि अण्णांच्या कानात परत मराठीत सांगते. एकदा ते म्हणाले, "अगं, ते मराठीच बोलतायत ना? मग तेच खाली लिहायला काय होतं यांना?"

काय होतं, ते आमच्या फिल्म क्लबला यंदा कळलं.

आमची वीस मिनिटांची फिल्म आहे मेसच्या आचाऱ्यावर. (रेक्टर सर, काळजी नसावी, मेस काल्पनिक आहे.) गॅदरिंगच्या आधी एका थिएटरचा सकाळचा शो मिळाला, पालकांनाही बोलवायचं ठरलं. मी अण्णांचं नाव लिहिलं आणि मराठी सबटायटलचा हट्ट धरला. थिएटरवाल्यांनी सांगितलं, "पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ चालणार नाही, डीसीपी आणा."

डीसीपी म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज. हॉलिवूडच्या सात स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डीसीआय नावाची संस्था काढली आणि २००५ मध्ये डिजिटल सिनेमाचे नियम छापले. रिळाच्या जागी फाइल्सचा गठ्ठा आला. त्यात चित्राला सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. गुणाकार करून बघा, आमच्या वीस मिनिटांचे ३७.५ जीबीपर्यंत होऊ शकतात. सबटायटल मात्र चित्रात नसतात. त्यांची वेगळी छोटी फाइल असते : कुठली ओळ कधी यायची, कधी जायची, आणि सोबत अक्षरांचा फॉन्ट. कल्पना झकास आहे. चित्र एकदाच करायचं आणि प्रत्येक भाषेसाठी फक्त हा चिमुकला भाग बदलायचा.

आम्ही डीसीपी-ओ-मॅटिक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सगळं घातलं, तर इशारा आला : फॉन्ट ६४० केबीपेक्षा मोठा आहे, थिएटरात अडचण येईल. तिकडे ३७ जीबी चालतात आणि इकडे ६४० केबीला नाक मुरडतात! साधारण साठ हजाराव्या भागाची कंजुषी.

पण कारण आहे. 'इंटरऑप' नावाच्या जुन्या पद्धतीत फॉन्ट थेट प्रोजेक्टरकडे जातो आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 'सिनेकॅनव्हास' व्यवस्थेत प्रोजेक्टरच चित्रावर अक्षरं काढतो. त्याची मेमरी बेताची. नव्या एसएमपीटीई पद्धतीच्या नियमांत फॉन्टना १० एमबीपर्यंत जागा आहे, पण थिएटरात कुठलं यंत्र आहे हे आपल्या हातात नसतं. म्हणून सगळे ६४० धरूनच चालतात. खरी पंचाईत चिनी-जपानीवाल्यांची, त्यांची अक्षरं हजारोंनी, फॉन्ट दहा-पंधरा एमबीचे. ते लोक पिक्चरमध्ये जेवढी अक्षरं लागतात तेवढीच फॉन्टमध्ये ठेवतात, बाकी छाटून टाकतात.

आपलं काय? युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ चौकटीत जागाच १२८. आम्ही घेतलेल्या फॉन्टमध्ये बऱ्याच भारतीय लिप्या एकत्र होत्या म्हणून तो फुगला होता. फक्त देवनागरीचा घेतला तर आरामात बसला. म्हणजे आकाराच्या परीक्षेत मराठी डिस्टिंक्शनमध्ये पास!

गंमत पुढे आहे. थिएटरात टेस्टिंगला गेलो. पडद्यावर 'प्रश्न' आला तो पाय मोडून, मध्ये हलन्त घेऊन. 'किती'तली पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे यायची ती मागे जाऊन बसली. संगणकात 'क्षि' साठवतात ते चार तुकड्यांत : क, हलन्त, ष, वेलांटी. ते जोडायचे कसे याचे नियम फॉन्टमध्येच असतात, पण वाचणाऱ्या यंत्राला ते पाळता यायला हवेत. ते यंत्र एकेक तुकडा घेऊन ओळीने मांडत होतं. इंग्रजीला तेवढं पुरतं.

आणि आमचा हीरो! 'आचाऱ्यांना बोलवा' हा फिल्ममधला कळीचा डायलॉग. शाळेत बाईंनी आचारी आणि आचार्य यांतला फरक शिकवला होता, तेव्हा मला तो नुसता छळ वाटला होता. तो ऱ्य लिहायच्या एका पद्धतीत र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं. फाइल 'साफ' करताना ते गळलं की रफार चढतो आणि वाक्य होतं 'आचार्यांना बोलवा'. मेसमध्ये भात करपलाय आणि मुलं गुरुजींना बोलावतायत! आमच्या एका प्रतीत नेमकं हेच झालं होतं. मराठी न येणाऱ्या माणसाला ते कधीच सापडलं नसतं, आणि कुठलंही सॉफ्टवेअर याबद्दल इशारा देत नाही. ते फक्त केबी मोजतं.

शेवटी आम्ही अक्षरं आमच्याच संगणकावर काढून चित्रात कायमची छापली. फॉन्टच पाठवला नाही, मग ६४० केबीचा प्रश्नच मिटला. शो झाला. अण्णा चौथ्या रांगेत होते. वीस मिनिटांत त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुमच्या मेसमध्ये दुसऱ्या सीनला 'आमटी'ची वेलांटी ऱ्हस्व हवी की दीर्घ, ते बघ जरा." (दीर्घच आहे. मी घरी जाऊन कोश काढून दाखवला.)

आता एका स्पर्धेला इंग्रजी सबटायटलची प्रत हवीय. मराठी चित्रात छापल्यामुळे अख्खं चित्र पुन्हा करावं लागतंय, तेवढेच जीबी, तेवढीच रात्र. त्यामुळे पुढच्या फिल्मला तिसरा मार्ग ठरवलाय : प्रत्येक ओळीचं पारदर्शक पीएनजी चित्र करून वेगळं पाठवायचं. नियमांत ते बसतं. जोडाक्षरं आपल्याकडेच जुळतात आणि मूळ चित्रालाही हात लागत नाही. फक्त दोनशेच्या वर ओळी आहेत आणि प्रत्येक चित्र डोळ्यांनी तपासायला माणसं हवीत. ऱ्य आणि र्य यांतला फरक ओळखणाऱ्यांनी जेवणानंतर क्लबच्या खोलीवर यावं. चहा आमच्याकडून.