नाकाचा भरवसा

लालबागच्या गॅस कंपनी लेनच्या बाजूला खोदकाम निघालं की पोकलेनची पहिली बकेट मी स्वतः उभा राहून बघतो. 1865 साली मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला. अशा कारखान्यांच्या जमिनीत मागे काय उरतं हे जगभर ठाऊक आहे: डांबर, बेंझीन आणि गॅस शुद्ध करून फेकलेली, सायनाइडची निळी झाक असलेली माती. ढेकूळ फोडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो.

हा वास मी इतरांच्या आधी ओळखत असे, आणि त्याचा मला गर्व होता. दुसऱ्यांच्या साइटवरूनही बोलावणं यायचं. गेल्या पावसाळ्यापासून नाक मंदावलंय.

खाड्या बुजवून झालेल्या या शहरात काळा, घाण वासाचा गाळ कुठेही निघतो, त्यामुळे प्रत्येक दुर्गंधीला काम थांबवता येत नाही. पण त्या गाळातला हायड्रोजन सल्फाइडच जास्त फसवा. हवेपेक्षा जड, म्हणून खड्ड्याच्या तळाशी साचतो. प्रमाण 100 पीपीएमच्या घरात गेलं की चांगलं नाकही बधिर होतं. ‘वास गेला, उतरा खाली’ असं म्हणणारे मुकादम आजही आहेत, आणि मला त्यांची भीती वाटते. मीटरही पुरा नाही. चार गॅसचं मीटर ऑक्सिजन दाखवतं, हा गॅस दाखवतं. आरोग्याला घातक इतक्या थोड्या बेंझीनवर मात्र गप्प राहतं. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं आणि ते मागवायला कुणी तयार नसतं.

गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढले, तेव्हा मी पाहिलेले बोअरिंगचे बहुतेक अहवाल खडक किती खोल एवढंच सांगत. रंगखात्याखाली, बॉयलरच्या तेलटाकीखाली काय मुरलंय, हा प्रश्नच नसे. बिल्डरांपेक्षा मला राग येतो तो सही करणाऱ्या सल्लागारांचा.

परवा परळला माझ्या हाताखालच्या मुलीने विचारलं, “सर, वास येतोय?” मला येत नव्हता, तसं सांगितलं. तिने मशीन बंद करवलं, माणसं वर काढली, निघालेली माती प्लास्टिकवर वेगळी ठेवून झाकली, नमुने लॅबला पाठवले. माझ्याआधी तिला कळलं हे मला लागलं, अजून लागतंय.

थांबवणं तिला जमलं. पुन्हा सुरू कधी करायचं, यावर मात्र आमचं एकमत नाही. ती म्हणते, रिपोर्ट आला की. मी म्हणतो, नमुना खड्ड्याच्या एका कोपऱ्यातला आहे. चारही भिंतींचे येऊ देत.